पुण्यातल्या नृत्यावर लिहायचं आणि चित्रं काढायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही कथकच्या परीक्षांतल्या मध्यमापर्यंत शिकलात (विशारद आणि अलंकार या त्यापुढच्या), नोकरीमुळे क्लास सुटला. आता तुम्ही आणि चित्रं काढणारी तुमची मैत्रीण मिळून पुण्यातल्या नृत्याच्या कार्यक्रमांची दखल घेऊ पाहताय, ती लेखांतून आणि रेखाटनांतून. तुमच्या दोन शंका आहेत. विशारदसुद्धा नसताना लिहायचा अधिकार आपल्याला आहे का, ही पहिली. दुसरी अशी की इथे सगळे एकमेकांना ओळखतात, तर खरं कसं लिहायचं? शिवाय नाट्यगृहात बसायचं कुठे, हेही विचारलंत.

मी बरीच वर्षं या शहरातल्या नृत्यावर लिहिते आणि वहीत रेखाटते. त्या अनुभवावरून सांगते, पहिली शंका सोडून द्या. अधिकार परीक्षेने मिळत नाही, पाहण्याने मिळतो. अलंकार झालेली माणसंही ढिसाळ लिहितात आणि पायात कधी घुंगरू न बांधलेल्या प्रेक्षकाने लिहिलेली चार वाक्यं नर्तकी जपून ठेवतात. मध्यमापर्यंत शिकल्यामुळे तुम्हाला ठाट, आमद, परण, गतनिकास हे कथकचे भाग ओळखू येतात, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे कानाला कळतं. सुरुवातीला एवढं पुरे.

दुसरी शंका मात्र खरी आहे. पुण्यात नृत्याचं जग म्हणजे थोडेफार गुरू, त्यांच्या शिष्या, शिष्यांनी काढलेले क्लास आणि त्या क्लासच्या मुलींचे पालक. आज जिच्यावर लिहाल ती पुढच्या आठवड्यात भरत नाट्य मंदिराच्या जिन्यात भेटते. तिच्या गुरूंकडे तुमची मावसबहीण शिकत असते. त्यामुळे बहुतेक जण एक सोपी वाट धरतात आणि कोणालाच न टोचणारं लिहितात. 'बहारदार सादरीकरण', 'भावपूर्ण अभिनय', 'लयीवरील प्रभुत्व', 'रसिक मंत्रमुग्ध झाले'. ही वाक्यं कुठल्याही कार्यक्रमाला लागू पडतात, म्हणून ती कुठल्याच कार्यक्रमाबद्दल काही सांगत नाहीत. नर्तकी कात्रण कापून ठेवते, पण तिच्या हाती काही लागत नाही. शहराच्या हातीही लागत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. गाण्याची ध्वनिमुद्रणं निदान घरोघर साठवलेली असतात. नाच संपला की उरतो एखादा फोटो. कोणी नीट पाहून लिहिलं नाही तर वीस वर्षांनी आज कोण कसं नाचत होतं हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की आधी दिसलं ते लिहा. मत त्यातून येऊ दे. बारकाईने केलेल्या वर्णनावर रागावणं फार कठीण असतं, कारण ते खरं असतं आणि नाचणाऱ्या व्यक्तीला ते आतून माहीत असतं. एक उदाहरण देते. तीनतालातल्या चक्रदार परणाबद्दल, म्हणजे तीनदा फिरून समेवर संपणाऱ्या रचनेबद्दल, 'तयारी जाणवली, पण थोडी कसर राहिली' असं लिहिलंत तर ते मत झालं आणि ते टोचेल. त्याऐवजी असं लिहून पाहा: 'पहिल्या दोन फेऱ्यांत तिहाईचा प्रत्येक धा पायातून मोकळा आला. तिसऱ्या फेरीत खांदे वर चढले, श्वास अपुरा पडला. पाय समेवर पोचला, पण मान मागून आली.' यात निवाडा कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. नर्तकीलाही कळतं की दम कुठे सांभाळायचा. मला अशा वाक्यांवरून आलेले फोन आठवतात. त्यांत तक्रारीपेक्षा 'तुम्हाला ते कसं दिसलं?' असं विचारणारे जास्त होते.

अर्थात हे सगळं कोणाबद्दल लिहिताय त्यावर अवलंबून आहे. पुण्यात जुलैमध्ये गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम सुरू होतात, प्रत्येक क्लासचा एक. सात वर्षांच्या मुलींपासून विशारदच्या मुलींपर्यंत सगळ्या मंचावर येतात. तिथे एकेकीचे पाय मोजायला जाऊ नका. पाहायचं ते गुरूंची शिकवण कशी दिसते. पंचवीस मुलींचे हात एकाच उंचीला येतात का, पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मुली स्वतः करतात की त्यांच्यासाठी दुसरं कोणी करतं, रचनेत लहानांना नुसतं उभं केलंय की त्यांच्या वयाला झेपेल असं काही खरंच दिलंय. लहान मुलीचं नाव घेऊन तिची चूक लिहायची नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही. त्यांचे जवळून काढलेले फोटोही पालकांना विचारल्याशिवाय कुठे टाकत नाही.

पहिलं एकल सादरीकरण असेल, भरतनाट्यमवाल्यांचं अरंगेत्रम, म्हणजे मंचावरचं पहिलं पदार्पण, असेल, तर थोडी सूट द्यावी. पण तिकीट लावून संध्याकाळभर एकल नाचणाऱ्या, नाव झालेल्या कलाकाराला सूट देणं हा तिचा अपमान आहे. तिथे पूर्ण लिहा. भरतनाट्यमच्या वर्णम या मोठ्या रचनेतला संचारी, म्हणजे एका ओळीचा अभिनयाने केलेला विस्तार, लांबला तर लांबला म्हणा. कथकच्या गतभावात, म्हणजे एकटीने गोष्ट अभिनयातून सांगताना, कृष्ण आणि गोपी बदलताना नजर बदलली नाही तर तेही म्हणा.

ओळखीचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. मी दोन गोष्टी पाळते. ज्या क्लासमध्ये मी शिकले त्यावर लिहिताना पहिल्याच परिच्छेदात तसं सांगते. आणि लेख छापून येण्याआधी कलाकाराला दाखवत नाही. तथ्यांसाठी फोन जरूर करते. ताल धमार होता की आडाचौताल, दोन्ही चौदा मात्रांचे, अंधारात घोटाळा होऊ शकतो. रचना कोणाची, लेहेरा (तालाला धरून वाजणारी आवर्ती धून) कोणी धरला, प्रकाशयोजना कोणाची, हे विचारायलाच हवं. तबलजी आणि हार्मोनियम वाजवणाऱ्याचं नाव गाळणं ही मराठी परीक्षणांची जुनी खोड आहे, आणि मला ती फार खटकते. ज्या तबलजीने संध्याकाळभर तिच्या पायांकडे डोळे लावून साथ केली त्याला एक ओळही मिळत नाही. पण 'हे वाक्य चालेल का?' असं कोणी विचारलं तर नम्रपणे नाही म्हणायचं. एकदा त्या वाटेला गेलात की ती बंद करता येत नाही.

आता पूर्वतयारीबद्दल जरा सविस्तर, कारण पुण्यात तिची विशेष गरज आहे. हे शहर नुसतं नृत्य पाहणारं नाही, इथे नृत्यावर विचार झालेला आहे. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली. त्या काळात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींनी कथक शिकावं ही गोष्ट सहज नव्हती. त्यांनी पं. लच्छू महाराज आणि पं. मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून तालीम घेतली, आणि शिकवता शिकवता मराठीत कथकवर लिहिलंही. आज पुण्यात कथक शिकवणाऱ्या कित्येक जणींची परंपरा त्यांच्यापर्यंत पोचते. तेव्हा एखाद्या तरुण मुलीच्या ठाटात तुम्हाला विशिष्ट संयम दिसला, अभिनयात शब्दाला दिलेलं वजन दिसलं, तर तो तिचा एकटीचा आहे की घराण्याचा, हे ओळखायला तुम्हाला दोन पिढ्या मागे जावं लागेल. जुन्या शिष्यांशी बोला. त्या भरभरून सांगतात.

भरतनाट्यमच्या बाबतीत तर अभ्यास नसला की सरळ अन्याय होतो. समजा तुम्ही एका कार्यक्रमाला गेलात आणि भरतनाट्यमची रचना हिंदुस्थानी रागात, मराठी किंवा हिंदी शब्दांवर चालू आहे. नवखा लेखक लगेच 'फ्यूजन' लिहून मोकळा होतो. पण यामागे भरतनाट्यम नर्तकी डॉ. सुचेता भिडे चापेकर यांचं 'नृत्यगंगा' हे दीर्घ काम आहे. भरतनाट्यमचा देह तसाच ठेवून त्याला हिंदुस्थानी संगीताची साथ देण्याचा तो विचारपूर्वक प्रयत्न आहे. आणि मराठी भरतनाट्यमला परकी आहे असं समजणंही चूक. तंजावरच्या भोसले राजांनी, शहाजीराजांनी आणि पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी, नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. सरफोजींची मराठी निरूपणं, म्हणजे नृत्यासाठीच्या या रचना, आचार्य पार्वतीकुमार यांनी पुन्हा मंचावर आणली, आणि सुचेताताई त्यांच्याच शिष्या. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात सुरुवातीच्या अलारिपूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा जो क्रम आपण पाहतो तो बसवणारे तंजावरचे चार बंधू, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, हे सरफोजींच्याच दरबारातले. हे माहीत असेल तर पुण्यातला मराठी शब्दांवरचा भरतनाट्यम तुम्हाला उसना वाटणार नाही. माहीत नसेल तर तुम्ही दोनशे वर्षांचा धागा एका इंग्रजी शब्दाने तोडून टाकाल.

तुमच्या प्रश्नात लावणीचा उल्लेख नाही. म्हणून मुद्दाम काढते. पुण्यातल्या नृत्यावर लिहायचं आणि फक्त कथक-भरतनाट्यम पाहायचं, हे मला मान्य नाही. आर्यभूषण तमाशा थिएटर याच शहरात आहे. सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला संगीत बारीची थिएटरं आहेत. नारायणगावला दर वर्षी यात्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारी या वेगळ्या गोष्टी आहेत. फडात गण, गवळण, बतावणी, वग असा डाव रंगतो. बारीत लावणी हाच गाभा. बालगंधर्व रंगमंदिरात होणारे लावणीचे तिकीट शो ही तिसरी गोष्ट, त्यात ध्वनिमुद्रित गाणी असू शकतात आणि केवळ महिलांसाठीचे खेळही होतात. या तिन्हींवर एकाच चष्म्यातून लिहू नका.

बैठकीची लावणी पाहायला मिळाली तर दवडू नका. बाई बसून गातात आणि एकाच ओळीचा अर्थ हात, मान, भुवई आणि नजर यांनी पुन्हा पुन्हा नव्याने उलगडतात. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची ख्याती त्यासाठीच होती. तुम्ही कथकमधली ठुमरी पाहिली आहे, तेव्हा तुम्हाला या कामाची अवघडता लगेच कळेल. तिथे लिहिताना एक जबाबदारी जास्त असते. शास्त्रीय नर्तकीचं आपण शिक्षण विचारतो, गुरू विचारतो, रियाज विचारतो. लावणी कलावतीला मात्र लोक तिच्या आयुष्यातलं दुःख विचारतात. तिलाही गुरू कोण, पायात चाळ (घुंगरू) कधी बांधली, ही अदा कुठून आली, हेच विचारा. तिच्या जातीवर, घरावर, मुलाबाळांवर ती स्वतः बोलली आणि छापायला हो म्हणाली तरच लिहा. फोटो काढण्याआधी पार्टीच्या, म्हणजे तिच्या संचाच्या, मालकिणीला विचारा.

हिप-हॉप, साल्सा, कंटेम्पररी यांवर मी कमी लिहिलंय, म्हणून थोडंच बोलते. ब्रेकिंगच्या बॅटलला गेलात तर टॉपरॉक, फ्रीझ, पॉवर मूव्ह हे शब्द तिथल्या मुलांकडूनच शिकून घ्या. कथकच्या शब्दांनी त्यांचं मोजमाप करू नका. ती मुलं प्रश्न विचारणाऱ्याशी फार मोकळेपणाने बोलतात.

आता रेखाटनाकडे येते, हा भाग खास तुमच्या मैत्रिणीसाठी. नाट्यगृहात अंधार असतो आणि मोबाईलचा दिवा लावणं हा इतर प्रेक्षकांवर अन्याय आहे. तेव्हा कागदाकडे न बघता काढायची सवय करावी लागते. लहान वही, फोर-बी किंवा सिक्स-बी पेन्सिल, डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेवर टेकवलेला, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. आधी कणा आणि वजन, मग हात. शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते रेषेत आलं नाही तर पुढे कितीही दागिने काढा, ती नर्तकी उभी राहत नाही. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या, भरतनाट्यम नर्तकीचा भार दोन्ही पायांत समान वाटलेला असतो. कथकमध्ये देह ताठ, सरळ, आणि हालचाल त्या उभ्या रेषेभोवती. हा फरक चित्रात दिसला की पोशाख काढायची गरजही उरत नाही. कथकची चक्कर, म्हणजे गिरकी, काढायचा प्रयत्न करू नका, चक्कर थांबतानाचा क्षण काढा. घेर अजून फिरत असतो आणि देह थांबलेला असतो, त्या एका पळात सगळं असतं. विलंबित लयीत काढायला वेळ मिळतो, द्रुत लयीत वही मिटून बघावं.

पण खरी चित्रं तालमीत होतात. क्लासला विनंती केली तर बहुतेक गुरू तालमीला बसू देतात, फक्त आधी विचारावं आणि वेळेवर जावं. तिथे उजेड असतो, एकच तुकडा दहादा होतो, तीच मुद्रा परत येते. आणि नाच कसा घडतो हे तिथेच दिसतं. गुरू मध्येच थांबवतात, 'हात नको, नजर आधी' म्हणतात, आणि मुलीचा चेहरा बदलतो. तुम्हा दोघींना लेखासाठी कार्यक्रमापेक्षा तालमीत जास्त सापडेल. मी हे फार आग्रहाने सांगते.

मैत्रीण फोटोही काढणार असेल तर फ्लॅश बंद, कॅमेऱ्याचा आवाज बंद. चक्कर आणि पदन्यास गोठवायला शटर निदान १/२५० सेकंद लागतं, द्रुत लयीत त्याहून जलद. लाल दिव्यात चेहऱ्याचे बारकावे जळून जातात, त्यासाठी थोडं कमी एक्स्पोझर ठेवावं. व्हिडिओची गोष्ट वेगळी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क आहे आणि संमतीशिवाय त्याचं चित्रण करून ते प्रसारित करता येत नाही. परीक्षणासाठी लहानसा अंश वापरायला मुभा आहे, पण अख्खी रचना फोनवर घेऊन टाकणं बरोबर नाही. नर्तकीने कित्येक महिने बसवलेलं काम असतं ते.

बसायचं कुठे हेही विचारलं होतंत. समूहरचना असेल तर बालगंधर्वची बाल्कनी चांगली, आकृत्या वरून उलगडतात. एकल अभिनय असेल तर मधल्या रांगांत पुढे. अगदी पहिल्या रांगेत मंचाच्या कडेमुळे पावलं झाकली जाऊ शकतात, आणि ती निमंत्रितांसाठी राखीवही असते. सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागेत श्वास ऐकू येतो, तिथे नर्तकीला लपायला जागा नसते. नव्या रचना अशाच जागी पाहाव्यात. आणि तिकीट असेल तर तिकीट काढून जा. पास घेतला की मनावर थोडं का होईना ओझं येतं.

पैशाबद्दल थोडक्यात. यावर घर चालेल असं धरू नका, नोकरी ठेवा. वर्तमानपत्रात जागा मिळाली तर ती तीनशे-चारशे शब्दांची, आणि दीपप्रज्वलन कोणी केलं यात त्यातली अर्धी जाते, म्हणून लांब लेखांसाठी स्वतःची जागा हवी. एखादा क्लास माहितीपुस्तिका लिहायला किंवा फोटो काढायला पैसे देईल. ते काम खुशाल करा, पण मग त्या वर्षी त्या क्लासचं परीक्षण करू नका. लेख आणि चित्र एकत्र जाणार असेल तर मैत्रिणीचं नाव तुमच्या नावाच्या बरोबरीने हवं आणि तिच्या कामाचे पैसे वेगळे मागावेत. चित्र म्हणजे लेखाची सजावट नव्हे, तीही साक्षच आहे.

पहिल्या लेखासाठी मोठा महोत्सव निवडू नका. तिथे चार कलाकार, आठ रचना, तीन सत्कार असतात आणि नवख्या लेखकाचा लेख नुसती यादी होतो. एकच नर्तकी, एकच रचना घ्या. जमलं तर तिच्या दोन तालमी आणि मग प्रयोग. वहीत तारीख, जागा, ताल, लय, साथीदार आणि प्रेक्षक किती होते हे त्याच रात्री उतरवा, सकाळपर्यंत निम्मं विसरतं. लिहून झालं की जी जी विशेषणं दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमालाही चालली असती ती खोडा आणि त्या जागी काय दिसलं होतं ते आठवून भरा. तसा कच्चा लेख आणि सोबत दोन रेखाटनं इथे टाकलीत तर मी मनापासून वाचेन आणि ओळ न् ओळ सांगेन.